गॅस गीझरची दुरुस्ती आणि काळ्या टेपखालच्या दोन तारा

आमचे गाव दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातले. पिण्यासाठी नळयोजनेचे पाणी येते, परंतु अंघोळीला आणि भांड्यांना बोअरचेच पाणी वापरावे लागते. ते इतके खारे आहे की बादलीच्या काठावर आणि नळाच्या तोटीवर साचणारा पांढरा थर दर पंधरवड्याला खरवडून काढावा लागतो. हे आधी सांगतो, कारण ज्या बिघाडापायी माझे 4,850 रुपये गेले आणि माझ्या वडिलांच्या जिवावर बेतण्याची वेळ आली, त्या बिघाडाचे मूळ याच थरात होते आणि ते मला वेळेवर कळले नाही.

बाबांचे वय 84 आहे. पहाटे अंघोळ केल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नाहीत. पूर्वी आम्ही पऱ्हाटीच्या जाळावर मोठ्या गंजात पाणी तापवत असू, पण धुराने त्यांचा खोकला वाढू लागला म्हणून दीड वर्षापूर्वी गॅसवर चालणारा गीझर घेतला. या जानेवारीत, तुरीची कापणी चालू असताना, तो त्रास देऊ लागला. नळ सोडला की नेहमीचा टक-टक आवाज यायचा, पण फार मंद, आणि ज्योत धरायची नाही. कधी धरलीच तर चार-पाच मिनिटांत आपोआप विझायची. मी मोबाईलवर कंपनीचे नाव घालून ग्राहक सेवेचा क्रमांक शोधला आणि सर्वांत वर जो दिसला त्यावर फोन केला. माझी पहिली आणि सर्वांत मोठी चूक ती. कंपनीचा खरा क्रमांक वॉरंटीच्या पुस्तिकेवर छापलेला होता आणि पुस्तिका माझ्याच कपाटात होती.

फोनवरचा माणूस अतिशय नम्रपणे बोलला. भेटीचे 350 रुपये यूपीआयने आधी भरून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक तिशीतला तरुण मोटारसायकलवर आला. अंगात कंपनीच्या रंगाचा शर्ट, हातात पेटी आणि बोलणे अदबीचे. त्याने गीझरच्या खालच्या गॅसच्या नटवर पाना लावून तो ‘तपासला’, मग साबणाचा फेस मागितला आणि त्या नटवर लावला. फेसातून बुडबुडे येऊ लागले. गॅसची गळती साबणाच्या फेसानेच तपासतात हे मला माहीत होते, म्हणून त्या बुडबुड्यांवर माझा तत्काळ विश्वास बसला. पाना आधी लावला होता आणि फेस नंतर, हा क्रम मला फार उशिरा आठवला. तोपर्यंत आमच्या घरात गॅसचा वास कधीही आलेला नव्हता, आणि सिलिंडरमधल्या गॅसला तो उग्र वास गळती कळावी म्हणूनच मुद्दाम दिलेला असतो.

“काकाजी, घर उडालं असतं तुमचं,” तो म्हणाला. माझी पत्नी घाबरून बाबांना घेऊन अंगणात गेली. त्यानंतर त्याने जे सांगितले ते आम्ही निमूटपणे मान्य केले. सर्किट जळाले आहे त्याचे 2,600, गॅसचा वॉल्व्ह गेला आहे त्याचे 1,250 आणि सर्व्हिसिंगचे 650 असे मिळून 4,500 रुपये. जुने सुटे भाग दाखवा, असे मी म्हटले तेव्हा ते कंपनीत जमा करावे लागतात असे त्याने सांगितले. बिल म्हणून वहीच्या फाडलेल्या पानावर आकडे लिहून दिले. त्यावर ना शिक्का होता, ना सही, ना गीझरचा क्रमांक. यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचे नाव कंपनीचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. हे मी पाहिले होते, तरीही विचारले नाही. गॅसचे भय मनात बसलेला माणूस हिशेब विचारत नाही, आणि त्या मुलाला हे पुरते ठाऊक होते.

गीझर त्याच्यासमोर पेटला आणि विझलाही नाही, त्यामुळे काम झाले असे आम्हाला वाटले. नवव्या दिवशी पहाटे पत्नीने बाबांच्या बादलीत हात घालून पाहिला आणि ती ओरडली. पाणी उकळते होते, नळातून वाफ येत होती आणि तिच्या बोटांवर फोड आले. बाबांनी तांब्याभर पाणी सरळ अंगावर घेतले असते तर काय झाले असते, हा विचार मी आजही पुरा करू शकत नाही.

मी नळ आणि गॅस दोन्ही बंद केले आणि शेजारच्या गावातल्या, आयटीआय झालेल्या एका ओळखीच्या मुलाला बोलावले. त्याने झाकण उघडून प्रत्येक गोष्ट मला जवळ बसवून दाखवली. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, तो एक पिन ढकलतो, त्यामुळे स्विच लागतो, आणि मग दीड व्होल्टच्या दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडून गॅसचा वॉल्व्ह उघडतो. सेल उतरले की टक-टक मंद होते आणि ज्योत धरत नाही. आमचे सेल उतरले होते, इतकेच. त्या भामट्याने फक्त सेल नवे घातले होते. सर्किटच्या डबीवरच्या कागदावर गीझर तयार झाला तोच महिना छापलेला होता, आणि वॉल्व्हच्या स्क्रूंवर दीड वर्षाची धूळ आणि गंज जशीच्या तशी होती.

ज्योत मधेच विझण्याचे कारण वेगळे होते. पाणी आत शिरते तिथली बारीक जाळी खाऱ्या पाण्याच्या थराने जवळजवळ बुजली होती. पाणी कमी आणि आच तेवढीच, त्यामुळे आतली तांब्याची नळी प्रमाणाबाहेर तापत होती आणि अशा वेळी गॅस तोडण्यासाठी बसवलेला ओव्हरहीट कटऑफ आपले काम चोख करत होता. जो भाग आम्हाला वाचवत होता, तोच त्या माणसाने बाजूला काढला. कटऑफच्या दोन्ही तारा उपटून, एकमेकींना पिळून, वरून काळी टेप गुंडाळली होती. जाळी त्याने उघडूनही पाहिली नव्हती. ती जाळी व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवून जुन्या दातब्रशने पाच मिनिटांत स्वच्छ झाली. नव्या कटऑफसह आयटीआयच्या मुलाने 280 रुपये घेतले आणि जुना भाग माझ्या हातात दिला.

जाताना त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिचा दोष माझाच आहे. थंडी येते म्हणून मी न्हाणीच्या झरोक्याला पोते लावले होते. बंद जागेत गीझर जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास, त्यामुळे गॅसच्या वासावर विसंबून तो कळत नाही. कंपनीचा म्हणवणारा माणूस त्या पोत्याखाली तासभर उभा राहून गेला, पण एक शब्द बोलला नाही. आता गीझर न्हाणीबाहेर, ओसरीच्या भिंतीवर लावला आहे.

पुस्तिकेवरच्या क्रमांकावर फोन केला तेव्हा माझ्या नावाने कोणतीही तक्रार नोंदलेली नाही, आणि गीझरच्या वॉरंटीचे सहा महिने अजून शिल्लक आहेत, असे कळले. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. ती पैसे गेल्याबरोबर केली तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. मी दहाव्या दिवशी केली. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही नोंद केली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. पैसे आजपर्यंत परत आलेले नाहीत. गळतीची खरी शंका असेल तर 1906 हा गॅस गळतीचा आपत्कालीन क्रमांक आहे, तो आता आम्ही स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवला आहे.

पैशांपेक्षा मला घोर आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. “आज या भागात अजून तीन घरं करायची आहेत,” असे तो निघताना म्हणाला होता. त्यांपैकी एक घर आमच्याच गावात सापडले आणि तिथल्या गीझरमध्येही तीच काळी टेप निघाली. उरलेली दोन कोणती, ते मला अजून कळलेले नाही. जानेवारीत ज्यांच्याकडे असा माणूस येऊन गेला असेल त्यांनी उद्याच्या अंघोळीआधी गीझर बंद ठेवून माहितगाराकडून झाकण उघडून घ्यावे, आणि कटऑफच्या दोन तारा आपापल्या जागी आहेत का, ते पाहावे.