हॉकीसाठी पुन्हा फिट होणं: काही महिन्यांनंतर काय टिकलं, काय बंद पडलं

आधी निकाल सांगून टाकते, वेळ असेल त्यांनी पुढे वाचा. छोट्या स्प्रिंट, नॉर्डिक कर्ल आणि वाकून केलेलं स्टिकवर्क या तीन गोष्टी चालू आहेत आणि राहतील. मनगटावरचं हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ निम्मं कामाचं. स्नायू रगडायचा फोम रोलर पलंगाखाली गेलाय, तो तिथेच बरा. कॉलेजनंतर बरीच वर्षं स्टिकला हात लावला नव्हता आणि आता हौशी लोकांबरोबर वीकेंडला खेळायचं होतं, एवढीच पार्श्वभूमी.

जॉगिंग कर असं सगळेच सांगतात. पहिले काही आठवडे ते ठीकच आहे, कारण स्नायू लवकर तयार होतात पण टाचेच्या वरचा अकिलीस टेंडन त्याचा त्याचा वेळ घेतो, त्याला घाई चालत नाही. पण त्यापुढे नुसतं जॉगिंग करत बसलात तर सकाळी आरामात पळणारा माणूस तयार होईल, हॉकीवाला नाही. हॉकीत कोण सलग अर्धा तास एका स्पीडने पळतं? मैदान ९१.४ मीटर लांब, पण बहुतेक वेळा दहा-पंधरा मीटर जीव तोडून पळायचं, कचकन थांबायचं, वळायचं, चार पावलं चालायचं की परत तेच. त्यात ऑफसाइडचा नियम १९९०च्या दशकातच गेला आणि २००९ पासून फ्री हिट (फाउलनंतर मिळते ती) स्वतःलाच पास देऊन घेता येते, त्यामुळे जुन्या लोकांना शिट्टी वाजल्यावर जो श्वास घ्यायला मिळायचा तोही आता मिळत नाही, तुम्ही कंबरेवर हात ठेवून उभे असता आणि समोरचा बॉल घेऊन डीपर्यंत (गोलपुढच्या अर्धगोलापर्यंत) पोचलेला असतो.

म्हणून वीस मीटर जा-ये, मग अर्धा मिनिट चालणं, परत जा-ये, असं सुरू केलं. यामागचं गणित सोपं आहे, जोरात पळायच्या पहिल्या काही सेकंदांची ताकद स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिन नावाच्या साठ्यातून येते आणि अर्ध्या मिनिटात ते साधारण निम्मं भरून येतं, पूर्ण भरायला तीन-पाच मिनिटं लागतात. मॅचमध्ये तेवढी मिनिटं कोणी देत नाही, म्हणून निम्म्या टाकीवर पळायची सवय लावायची. दमात फरक खरंच पडला. पण खरी मारामारी पळण्यात नाही, थांबण्यात आहे. ब्रेक मारताना मांडीवर जो ताण येतो त्यानेच दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि हे दुखणं चोवीस ते बहात्तर तासांत कधीतरी टोकाला जातं. त्यामुळे मॅचच्या आधीचे दोन दिवस मी जोरातलं काहीच करत नाही.

आता नॉर्डिक कर्ल. गुडघ्यांवर बसायचं, मागून कोणीतरी घोटे घट्ट धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ राहून हळूहळू पुढे झुकायचं. कंबरेत वाकलात की गेलं सगळं. सुरुवातीला थोडंसं झुकलं की मांडीच्या मागचा भाग थरथरायला लागायचा आणि मी धाडकन हातांवर पडायचे, घोटे धरणारी व्यक्ती मनापासून हसायची. आता निम्म्याच्या पुढेपर्यंत कंट्रोल राहतो. फुटबॉल खेळणाऱ्यांवरच्या अभ्यासांत या एका व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या, दुखापती साधारण निम्म्यावर आलेल्या दिसल्यात, आणि चाळिशीकडे झुकलेल्या हौशी खेळाडूचं पहिलं काय जात असेल तर हॅमस्ट्रिंगच, नाहीतर जांघ. जांघेसाठी कोपनहेगन प्लँक, वरचा पाय बाकावर ठेवून एका कुशीवर. कंटाळवाणा आहे, तरी करा.

कंबरेबद्दल कोणी आधी बोलतच नाही. स्टिक जास्तीत जास्त १०५ सेंटीमीटर, बॉल जमिनीवर, म्हणजे तुम्ही अख्खी मॅच वाकलेले. वर स्टिकची एकच सपाट बाजू वापरायची असल्याने बॉल बहुतेक वेळा उजव्या हाताला, अंग सारखं त्याच बाजूला वळलेलं. जिममध्ये कितीही वजन उचला, या वाकण्याची सवय त्यातून लागत नाही. मला सर्वात जास्त फायदा झाला तो रोज थोडा वेळ गुडघे वाकवून, पाठ गोल न करता, बसल्यासारखं खाली जाऊन ड्रिबल करण्याचा. मांड्या भरून येतात, डावा हात वरून स्टिक फिरवून फिरवून दुखतो, पण कंबर वाचते. शिवाय बॉलवरचा हात परत येतो तो फुकटात.

शूजबद्दल थोडक्यात, रनिंग शूज घालून टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) जाऊ नका. त्यांचा तळ उंच आणि मऊ असतो, कचकन वळलात की घोटा मुरगळलाच. तळाला बारीक रबरी खुंट्या असलेले टर्फ शूज हवेत.

घड्याळावर भरवसा किती? जास्तीत जास्त ठोके किती याचा २२० वजा वय हा हिशोब सरासरी आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. आणि स्टिक घट्ट पकडली की मनगटावरचा सेन्सर काहीही आकडे दाखवतो. पळायला ठीक, हॉकीत काढून ठेवा, तसंही कोणाची तरी स्टिक लागून काच जायची.

परत मॅच खेळायला लागाल तेव्हा कॅप्टनशी आधीच बोलून घ्या. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, नियमच तसा आहे, मग पाच-सहा मिनिटं खेळून बाहेर यायला लाज कसली. आमच्यातले दोघं-तिघं हट्टाने पूर्ण वेळ उभे राहतात आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या बाजूने सगळे गोल होतात, हे त्यांना सांगायची सोय नाही.

रिव्हर्स हिट, म्हणजे स्टिक उलटी करून डाव्या बाजूने मारलेला फटका, मात्र अजून बसत नाही. दम आहे, पाय आहेत, पण तेवढं खाली जाऊन स्टिक जमिनीलगत आडवी फिरवायची म्हटलं की नितंबाचा सांधा अर्ध्यातच अडतो. सध्या त्यासाठी खोल लंज (एक पाय पुढे टाकून खाली जाणं) आणि वळणाचे स्ट्रेच चालू केलेत, पण त्यावर मत द्यायला अजून लवकर आहे.