घरगुती रक्तदाबमापक: यंत्र चांगले, पट्टा मात्र पारखून घ्यावा

दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजणारे डिजिटल यंत्र आमच्या घरी काही महिन्यांपासून वापरात आहे. पडद्यावर उमटणाऱ्या आकड्यावर विसंबता येते का, एवढ्याच दृष्टीने मी ते पारखले आहे.

लागोपाठ दोनदा मोजले की एकदा १२४ आणि एकदा १३१ असे आकडे येतात आणि तेवढ्यावरून पुष्कळ ग्राहक यंत्राला दोष देतात, हे मला अन्यायाचे वाटते. रक्तदाब हे क्षणोक्षणी बदलणारे चल आहे. ही यादृच्छिक तफावत कधी वर तर कधी खाली जात असल्याने, काही दिवस सकाळ-संध्याकाळ घेतलेल्या नोंदींची सरासरी काढली की ती बरीचशी निवळते. शिवाय हाताने मोजताना शेवटचा अंक शून्य धरण्याकडे माणसाचा जो कल असतो, तो येथे उरत नाही.

खरा धोका अभिनतीचा, म्हणजे एकाच दिशेने होणाऱ्या चुकीचा आहे. सोबत मिळणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे. माझ्या भावाचा दंड त्याहून जाड आहे, आणि अशा दंडावर तोकडा पट्टा बांधला की आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. कितीही वेळा मोजून सरासरी काढली तरी ही चूक जात नाही, उलट सगळे आकडे एकमेकांशी जुळत असल्यामुळे तीच खरी वाटू लागते. घरच्या मोजणीत १३५/८५ ही उच्च रक्तदाबाची सीमा मानली जाते, त्यामुळे अशा चुकीपायी नको असलेली गोळी सुरू होऊ शकते. एवढी महत्त्वाची मर्यादा खोक्यावर बारीक अक्षरांत छापणे मला मुळीच पटलेले नाही. मोठा पट्टा आम्हाला वेगळा विकत घ्यावा लागला.

माहितीपत्रकातील चित्रे मात्र उत्तम आहेत. हात हृदयाच्या पातळीखाली लोंबता ठेवणे, पायावर पाय टाकून बसणे, मोजताना बोलणे या सवयीही आकडा वरच ढकलतात, हे त्यांवरून चटकन समजते.

खरेदीपूर्वी ते मॉडेल आयएसओ ८१०६०-२ या मानकानुसार तपासलेले आहे का, हे पाहावे. त्या चाचणीत किमान ८५ व्यक्तींवर घेतलेल्या मोजमापांत यंत्राचा आकडा आणि संदर्भ मोजणी यांतील सरासरी फरक ५ मिलिमीटर पाऱ्यापेक्षा आणि प्रमाण विचलन, म्हणजे हे फरक किती विखुरलेले आहेत याचे माप, ८ पेक्षा जास्त चालत नाही. पहिली अट अभिनतीला आवर घालते, दुसरी विखुरलेपणाला. तरीही ही हमी समूहाच्या सरासरीची असल्याने, यंत्र एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मोजणीशी ताडून पाहावे.