पद्मिनीचे इंजिन उतरवले: सोलापुरातील एका वर्कशॉपचा अनुभव

वडिलांनी 1995 मध्ये घेतलेली आमची प्रीमियर पद्मिनी मी गेल्या वर्षी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका वर्कशॉपकडून विजेवर करून घेतली. जॅग्वारने 2017 मध्ये आपली ई-टाइप ही जुनी स्पोर्ट्स कार 40 युनिटांच्या बॅटरीवर चालवून दाखवली, तेव्हापासून हा विचार मनात होता. पद्मिनी काही स्पोर्ट्स कार नव्हे. परंतु जिच्या कारखान्याचे संस्थापक वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले, ती गाडी भंगारात घालणे मला जमले नसते.

वर्कशॉपचा सर्वांत चांगला निर्णय म्हणजे जुना गिअरबॉक्स आणि क्लच त्यांनी तसेच ठेवले. 1089 सीसीचे इंजिन उतरवून त्या जागी एक जाड प्लेट लेथवर घडवून बसवली आणि तिच्यावर विद्युत मोटर जोडली, त्यामुळे स्टिअरिंगलगतची गिअरची दांडी आजही कामात आहे. गावात दुसरा आणि बाहेर तिसरा गिअर पुरतो. विद्युत मोटर पहिल्या क्षणापासूनच पूर्ण जोर लावते आणि तीस वर्षांच्या प्रोपेलर शाफ्टला (मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याला) तो झटका सोसणार नाही, हे ओळखून त्यांनी मोटरला मिळणारी वीज ठरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये सुरुवातीचा जोर आवरता ठेवला आहे. हे मी सांगितलेले नव्हते. त्यांना आपणहून सुचले.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 15 युनिटांची आहे. सोलापूरच्या मे महिन्यातील उन्हाचा विचार करता हाच प्रकार योग्य होता, कारण उष्णतेत तो इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा अधिक स्थिर राहतो. तुळजापूरला जाऊन-येऊन सुमारे नव्वद किलोमीटर होतात. घाट चढून, देवीचे दर्शन घेऊन घरी परतलो तेव्हा 17 टक्के चार्ज शिल्लक होता. पंढरपूरला मात्र वाटेत किंवा मुक्कामी चार्जिंगची सोय पाहिल्याशिवाय मी निघणार नाही. घरच्या 15 अँपियरच्या सॉकेटवर रात्रीत बॅटरी भरते.

तक्रार आहे ती वजनाची. बॅटरीचा मोठा भाग डिकीत गेल्याने मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दबले, गाडी मागून बसली आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ लागला. पाट्यांत एक-एक पान वाढवून घ्यावे लागले. ब्रेक चारही चाकांना जुनेच ड्रमचे आहेत. उतारावर मोटर स्वतः वीज तयार करून गाडी रोखते म्हणून निभावते, पण बॅटरी काठोकाठ भरलेली असताना ती वीज साठवायला जागा नसल्याने ही रोख जवळजवळ नसते, हे ताबा देताना त्यांनी सांगायला हवे होते. तीन महिन्यांचे काम सात महिन्यांवर गेले. इंजिन गेल्यापासून मागच्या डिफरन्शियलचा (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या दातेरी चाकांचा) घूं-घूं आवाज स्पष्ट ऐकू येतो. मी तक्रार केली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "काका, तो आधीपासून होताच, इंजिनाखाली दबला होता." त्यांचे खरे असावे.

कागदपत्रांबाबत एक सूचना करतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने मंजूर केलेले विद्युत रूपांतराचे किट आहे का, हे प्रमाणपत्र पाहूनच आगाऊ रक्कम द्यावी, आणि आरटीओच्या नोंदणीत इंधनाचा बदल झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. ज्यांची गाडी 50 वर्षांपलीकडची आहे, त्यांनी अधिक विचार करावा, कारण 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज (जुन्या, जतन केलेल्या गाड्यांच्या) नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असावी लागते.

एकूण खर्च पावणेपाच लाख झाला. पाट्यांच्या नऊ हजारांपैकी निम्मे त्यांनी सोसले; उरलेल्या निम्म्यांवर आमचे अजून एकमत झालेले नाही.