सूर्य टिपणारी ६० सेंमीची डीटीएच छत्री: कोकणात कितपत चालते?

सूर्याचं सलग रेडिओ उत्सर्जन पकडायला छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) आणि सॅटफाइंडर (सिग्नलची ताकद काट्यानं दाखवणारं मीटर) हा संच उत्तम. एलएनबी वीसेक मिनिटं तापू द्या, नाहीतर काटा आपसूक सरकतो. मोकळ्या आकाशावर काटा तळाला आणा. छत्री सूर्याकडे वळवून परावर्तित उजेड एलएनबीच्या तोंडावर पडला की काटा झपकन चढतो. छत्री जमिनीकडे वळवूनही काटा चढत नसेल तर जोडणी तपासा. दूरच्या दीर्घिकांची मात्र आशा नको. त्याला पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसारख्या ४५ मीटरच्या ३० डिश लागतात.

कोकणात खरी डोकेदुखी खारी हवा. मालवण-वेंगुर्ल्यात उघडा एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा जोड) हिरवा पडतो आणि सिग्नल गळतो. पितळी कनेक्टर, तांब्याची केबल घ्या, वर रबर टेप घट्ट गुंडाळा. पावसाळ्यात ढगांचंच उत्सर्जन मिसळतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य टीव्ही उपग्रहांच्या रांगेमागून जातो, त्यांचा सिग्नल मिसळून काट्याचं वाचन फसतं. मोजणी नोव्हेंबरपासून करा.