कँडिन्स्कीची आर्काइव्हल प्रिंट मागवली, बेळगावचा एक पावसाळा काढला तिनं

हॉलमध्ये रशियन चित्रकार कँडिन्स्कीचं 'कॉम्पोझिशन ८' लावायचं फार दिवस मनात होतं, १९२३ चं चित्र, मूळ न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. आधी गावातच एका दुकानात साध्या डाय इंकवर (विरघळलेल्या रंगाची शाई, लवकर उडते) प्रिंट काढून घेतलेली, तर दोन वर्षांत मोठ्या काळ्या वर्तुळातला जांभळा मातकट झाला आणि भोवतीचा गुलाबी तर गेलाच. वर २४ बाय ३६ इंचांत बसवायला कडा कापलेल्या. मूळ साधारण १४० बाय २०१ सेंटीमीटर आहे, त्या मापात ते बसतच नाही की!

यावेळी पुण्याच्या एका स्टुडिओकडनं आर्काइव्हल, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारी प्रिंट मागवली. पिगमेंट इंक (बारीक रंगकणांची, टिकाऊ शाई), ३०८ जीएसएमचा जाड कॉटन कागद, ३० बाय २१ इंच, कुरिअर धरून ४,८०० रुपये. कागद कुठला, शाई कुठली ते बिलावर लिहून द्या म्हटलं तर लगेच दिलं, हे मला फार आवडलं. घरी आल्यावर भावाच्या दुकानातला नोटा तपासायचा निळा लाइट मारून बघितला, झेरॉक्सचा कागद निळाशार चमकला आणि प्रिंटचा कागद तसाच मंद राहिला, म्हणजे त्यात पांढरं दिसायला घालतात ते केमिकल नाही, ते उतरलं की कागद पिवळा पडतो. आणि रेषा काय आल्यात बघा, केसाएवढी रेष वर्तुळातनं आरपार जाते ती कुठं फुटलेली नाही.

तक्रार एकच, ट्यूब फार बारीक होती, प्रिंट सरळ व्हायला तीन दिवस लागले.

फ्रेम मात्र समोर उभं राहून करून घ्या. शहापूरचे आमचे फ्रेमवाले मामा मागं नेहमीचा हार्डबोर्ड लावणार होते, "एवढं कशाला ओ, सगळे हेच लावतात" म्हणाले, पण त्यातल्या ॲसिडनं चांगला कागदसुद्धा डागाळतो. मग ॲसिड-फ्री माउंट (प्रिंटभोवतीचा पुठ्ठा) लावला, काच प्रिंटला टेकू दिली नाही, आणि मागं चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले, आमच्याकडं जुलैत भिंतीला ओल येते तेव्हा मागनं हवा खेळायला पाहिजे.

चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या चित्राचं पण विचारलं होतं. ते २००१ ला गेले, कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, परवानगीशिवाय छापणार नाही म्हणून स्टुडिओनं सरळ सांगितलं. आता चित्रकार पॉल क्लेची प्रिंट मागवतोय, जाड ट्यूबमधनं पाठवा म्हणून आधीच सांगून ठेवलंय.