पुढच्या चाकांवरचा हँडब्रेक: साब ९०० वापरून ११ महिने

गेल्या सप्टेंबरात इथे, स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये, १९८६ची साब ९०० घेतली. गाडीबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला लिहायचंय ते तिच्या हँडब्रेकबद्दल, कारण तो पुढच्या चाकांवर आहे. पुण्यात मी आठ वर्षं मारुती ८०० चालवली. लिव्हर ओढला की मागची चाकं धरणार, हे इतकं गृहीत होतं की कुठली चाकं हा प्रश्नच कधी पडला नाही. इथे तो पहिल्याच महिन्यात पडला.

मारुतीसारख्या गाडीत लिव्हरपासून निघालेली केबल मागच्या ड्रमपर्यंत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ डब्यापर्यंत जाते. ड्रमच्या आतला एक छोटा दांडा दोन्ही ब्रेक शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, बाहेर ढकलतो आणि त्यांच्यावरचं घासणारं अस्तर, लायनर, ड्रमला आतून घट्ट बसतं. चाक फिरायला बघतं तेव्हा एक शू त्याच ओढीने आणखी आत रुततो, म्हणून हाताच्या थोड्या जोरावर पकड चांगली मिळते. शिवाय मागची चाकं वळत नाहीत. केबल एकदा नीट बसवली की तिला फक्त खड्ड्यांबरोबर वरखाली व्हायचं असतं.

साबमध्ये चारही चाकांना डिस्क आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या. कॅलिपर नावाचा चिमटा पिस्टनच्या जोराने त्यांच्यावर दोन्हीकडून पॅड दाबतो. १९८७पर्यंतच्या ९००मध्ये हँडब्रेकच्या केबल पुढच्या कॅलिपरला जातात. १९८८च्या मॉडेलपासून कंपनीने हँडब्रेक मागे नेला. पुढे हँडब्रेक देणारी साब एकटी नव्हती. सिट्रोएनच्या डीएस, जीएस, सीएक्स, इटलीची अल्फासुद, जपानची जुनी सुबारू लिओने यांचंही असंच होतं. त्यामागे विचार आहे. इंजिन पुढे, म्हणून वजन पुढे; डिस्कही पुढच्याच मोठ्या. पकड हवी असेल तर सगळ्यात भक्कम ब्रेक हाताशी का घेऊ नये? किंमत केबलला मोजावी लागते. स्टिअरिंगबरोबर चाक वळतं तसं तिलाही प्रत्येक वेळी वळावं लागतं, आणि इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ थेट तिच्यावर उडतं. जानेवारीत माझी उजवी केबल जड झाली होती. काढून, साफ करून, ग्रीस भरून परत बसवली. आता पाचव्या खटक्याला गाडी धरते, आधी आठ लागत. पॅड बदलतानाही फरक कळतो. हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरच्या आतच असल्याने पिस्टन नुसता दाबून मागे जात नाही, तो फिरवत आत घ्यावा लागतो. पक्कड लावून जोर करू नका.

आता या गाडीची दुसरी खासियत. किल्ली स्टिअरिंगजवळ नाही, दोन सीटच्या मधे गिअरपाशी आहे, आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय ती निघतच नाही. म्हणजे बंद करून सोडलेली साब कायम गिअरात असते. पहिले काही दिवस मला हे फार सुरक्षित वाटलं: हँडब्रेक आहे, वर गिअर आहे, दोन कुलपं. मग नोव्हेंबरात बर्फाचे टायर चढवायची वेळ आली.

स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. बरेच लोक चाकांचे दोन संच ठेवतात आणि वर्षातून दोनदा घरच्या घरी बदलतात. आमच्या इमारतीमागच्या जागेला अगदी हलका उतार आहे. पुढचं उजवं चाक जॅकवर घेताना सहज हिशेब केला: आत्ता गाडीला धरून कोण ठेवलंय? हँडब्रेक पुढच्या दोन चाकांवर. त्यातलं एक हवेत जाणार. गिअरही पुढच्याच चाकांवर, आणि तोही डिफरेन्शियलमधून, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचातून; त्यामुळे एक चाक हवेत मोकळं झालं तर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. मागची दोन्ही चाकं तर पूर्ण मोकळी, बोटाने ढकलली तरी फिरतील अशी. अख्खी गाडी एका टायरवर अडवलेली! जॅक परत खाली घेतला आणि मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. तेव्हापासून चार ठोकळे डिकीतच असतात.

मारुतीत हाच प्रसंग आठवून पाहा. पुढचं चाक उचललं तर मागची दोन्ही चाकं हँडब्रेकने घट्ट. मागचं उचललं तर पुढची दोन गिअरने धरलेली, शिवाय मागचं उरलेलं एक. ठोकळा तिथेही लावायलाच हवा, पण विसरला तरी गाडी दोन बाजूंनी बांधलेली असते. दोन कुलपं एकाच दाराला लावण्यात आणि दोन दारांना एकेक लावण्यात जो फरक, तोच इथे आहे.

बर्फावर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. उतारावर उभी गाडी कधी घसरेल हे बहुतेक वेळा ब्रेकच्या ताकदीवर ठरतं. युरोपातला आजचा नियम, संयुक्त राष्ट्रांचा १३-एच, सांगतो की पार्किंग ब्रेकने भरलेली गाडी २० टक्के उतारावर, तोंड वर असो की खाली, धरून ठेवली पाहिजे, आणि लिव्हर ओढायला ४०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. ते म्हणजे साधारण ४० किलोचं पोतं उचलण्याइतका जोर. पण रस्त्यावर काचेसारखा बर्फ असेल तेव्हा ब्रेक कितीही घट्ट असला तरी टायरच घसरतो. मग प्रश्न उरतो की अडवलेल्या चाकांवर गाडीचं किती वजन आहे. वहीत मांडलेला माझा ढोबळ हिशेब असा. निसरड्या बर्फाचा घर्षणांक ०.१ धरला, पुढच्या चाकांवर ६० टक्के वजन धरलं. फक्त मागची चाकं अडवली तर गाडी सुमारे ४ टक्के उतारापर्यंत टिकते. फक्त पुढची अडवली तर ६ टक्के. चारही अडवली तर १० टक्के.

हँडब्रेक एकटा पाहिला तर साब जिंकते. पण गाडी लावताना आपण गिअरही टाकतो, आणि तिथे निकाल उलटतो. साबमध्ये गिअर आणि हँडब्रेक त्याच दोन चाकांवर येतात, म्हणून ती सहावरच थांबते. मारुतीत मागे हँडब्रेक आणि पुढे गिअर मिळून चारही चाकं धरली जातात आणि दहापर्यंत जाता येतं. इतकी वर्षं जिला साधीसुधी समजत होते, त्या गाडीतली ही व्यवस्था मला आज फार हुशार वाटते. मास्थुगेटच्या चढावर मी हिवाळ्यात साब कधीच सोडली नाही. वर पठारावर जागा शोधली आणि चालत खाली आले.

याच हिशेबाने बाबांची एक सवय उलगडली. त्यांची अँबॅसडर होती. पसरणी घाटात चहाला थांबलो की बाबा हँडब्रेक ओढत, गिअर टाकत, आणि तरीही खाली उतरून चाकाखाली दगड लावत. आम्हा मुलांचं कामच दगड शोधायचं. अँबॅसडरला इंजिनाची ताकद मागच्या चाकांना आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना. म्हणजे साबचीच गोष्ट, टोकं बदलून. पुढची चाकं मोकळी. दगड हाच तिसरा ब्रेक होता, आणि तो योग्य होता.

पुढच्या हँडब्रेकचा खरा फायदा मला फेब्रुवारीत कळला. रिकाम्या, बर्फाने झाकलेल्या पार्किंगमध्ये ताशी २५च्या वेगाने जाताना लिव्हर ओढला. पुढची चाकं थांबली, स्टिअरिंगचा उपयोग संपला, पण गाडी सरळ रेषेत घसरत थांबली. मग मैत्रिणीच्या गाडीत, जिचा हँडब्रेक मागे आहे, तेच केलं. ती अर्धी गिरकी घेऊन आडवी झाली. चालत्या गाडीचा पायातला ब्रेक गेला आणि हातात फक्त लिव्हर उरला, तर मला साबमध्ये बसलेलं आवडेल. थांबताना वजन पुढे झुकतं, त्यामुळे पुढच्या चाकांना पकडही जास्त मिळते. मागचा हँडब्रेक असेल तर लिव्हरचं बटण दाबून धरा आणि हळूहळू, सोडत-ओढत थांबवा. एकदम खेचू नका.

आणखी एक गोष्ट जुलैत नॉर्वेत लक्षात ठेवावी लागली. गायरांगरच्या फ्योर्डकडे उतरताना वळणावर वळणं येतात, आणि दुसऱ्या गिअरात उतरलं तरी पुढच्या डिस्क चांगल्याच तापतात. तापलेली डिस्क किंचित फुगलेली असते. त्यावर हँडब्रेक ओढला आणि डिस्क निवली की ती आकसते आणि पॅडची पकड सैल होते. हा कुठल्याही डिस्कचा स्वभाव आहे, पण हँडब्रेक पुढे असला की तो नेमका सगळ्यात गरम डिस्कवर येतो. ड्रमचं उलटं असतं: निवताना ड्रम आत आकसतो आणि शूवर आणखी घट्ट बसतो. म्हणून उतरून पोचल्यावर मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली, चाक दगडी कठड्याकडे वळवलं, आणि दहा मिनिटांनी परत येऊन लिव्हर आणखी दोन खटके ओढला. नव्या गाड्यांतल्या अनेक इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकमध्ये ही दुसरी ओढ आपोआप होते. थोड्या वेळाने गाडीतून येणारा तो घुर्र आवाज तोच.

कोकणात किंवा मुंबईत मागे ड्रम असलेली गाडी पावसाळ्यात आठ-दहा दिवस उभी ठेवणार असाल तर मात्र हँडब्रेक ओढून जाऊ नका. लायनर गंजून ड्रमला चिकटतं आणि परत आल्यावर चाक हलत नाही. सपाट जागा, पहिला गिअर, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. इथेही जुने लोक कडाक्याच्या थंडीत हँडब्रेक लावत नाहीत, कारण केबलमधलं पाणी गोठतं.

जुनी ९०० कुणी घ्यायच्या विचारात असेल तर साल आधी बघा, मग हँडब्रेक तपासा. सपाट जागी हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरात क्लच हळूच सोडा. इंजिन दबून बंद पडायला आलं तर पकड ठीक आहे. मग स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवून तेच पुन्हा करा. एका बाजूला लिव्हर सैल किंवा जड वाटला तर त्या बाजूची केबल जायला आली आहे. आणि डिकीत ठोकळे आहेत का, हे विचारा. जो ही गाडी समजून वापरतो त्याच्याकडे ते असतातच.