कथकच्या क्लासची लाकडी जमीन घासून घेतली, त्याचा अनुभव

मुलुंड पूर्वेला आमच्या घराच्या हॉलमध्ये मी कथक शिकवते. हॉल चौदा बाय अठरा, म्हणजे २५२ चौरस फूट. २०१४ साली तिथं ओकचं इंजिनिअर्ड फ्लोअरिंग टाकून घेतलं, कारण लादीवर रोज तत्कार, म्हणजे तालात पाय आपटायचा सराव, केला की मुलींच्या नडग्या भरून यायच्या. लाकूड पायाला जरा झेलतं. पण एका पायात शंभर घुंगरू बांधून आठवड्यातून पाच दिवस पंधरा-वीस मुली नाचल्या की ती जमीन किती दिवस टिकणार? हॉलच्या मधोमध, जिथं मी ओळी उभ्या करते, तिथलं पॉलिश पार उडालं होतं. लाकूड राखाडी, खरखरीत, पुसलं की पाणी पिणारं. दोन मुलींच्या टाचेत कुसळ गेलं, तेव्हा मी क्लास बंद ठेवून आधी जमिनीचं बघायचं ठरवलं.

चौकशी केली तर प्रत्येकाचं वेगळंच. ओळखीचे सुतार म्हणाले, वरून मेलामाइनचं पॉलिश मारून देतो. एका दुकानात सांगितलं की इंजिनिअर्ड लाकूड घासताच येत नाही, सगळं उखडून नवीन टाका, काढणं-टाकणं मिळून सव्वा लाख. मार्बल पॉलिशवाले तर त्यांच्याच मशीनवर करून द्यायला निघाले होते. मला रात्री झोप येईना.

मग एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी लाकडी जमीन घासून पॉलिश करून देणाऱ्या एका मंडळींचा नंबर दिला. पहिल्या दिवशी मिस्त्री आले ते मशीन न घेता. हातात एक पेचकस, जाडी मोजायचा एक व्हर्निअर आणि लाकडातली ओल मोजायचं छोटं मीटर, एवढंच. बाल्कनीच्या दाराशी उंबऱ्यावर पितळी पट्टी आहे, तिचे स्क्रू त्यांनी काढले आणि मला म्हणाले, "ताई, इकडे या, खाली बसा, बघा." फळीची कड उघडी झाली होती. वर फिकट रंगाचा ओकचा एक थर आणि त्याच्याखाली आडवे-उभे चिकटवलेले प्लायचे थर, एखाद्या वडीच्या कापासारखे सरळ दिसत होते. वरचा ओक भरला तीन मिलिमीटर. सबंध फळी चौदा मिलिमीटरची, पण घासायला मिळतात ते हे तीनच. एका घासाईत अर्धा मिलिमीटर जातो, हात जड असेल तर एक. प्लाय दिसलं की खेळ संपला, त्याला कुठलंच पॉलिश वाचवू शकत नाही. "तुमचं अजून दोनदा तरी होईल, पण हळू हाताचं काम पाहिजे," हे त्यांचे शब्द. काही फ्लोअरिंगमध्ये हा थर एक मिलिमीटरहून कमी असतो, तिथं आपण घासायला नाहीच म्हणतो, हेही त्यांनीच सांगितलं. दहा वर्षं ज्याच्यावर नाचले, ते आतून कसं आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुसरी गोष्ट मला फार भावली. हॉलच्या एका कोपऱ्यात पाय पडला की आवाज पोकळ येतो, हे मला कितीतरी दिवस जाणवत होतं. तीनतालाच्या ठेक्यात तिथला 'धा' वेगळाच वाजायचा. मिस्त्रींनी गुडघ्यावर बसून बोटांच्या पेरांनी फळी न् फळी ठोकली आणि बरोबर त्याच जागी खडूने फुली मारली. खिडकीशी पावसाची झड आत यायची, तिथल्या तीन फळ्यांचे प्लायचे थर सुटले होते. त्या घासून उपयोग नाही, बदलायलाच हव्यात, असं ते म्हणाले. नशीब, २०१४ च्या उरलेल्या पाच फळ्या आमच्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. फ्लोअरिंग टाकून घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, उरलेला माल परत देऊ नका.

तेव्हा जून चालू होता. मीटरवर ओल सोळा टक्के आली. त्यांनी सरळ सांगितलं की पावसाळ्यात हे काम मी करणार नाही. लाकूड फुगलेलं असतं, आज सपाट घासलं तरी डिसेंबरात फळ्या आक्रसल्या की कडा वर-खाली दिसतील, आणि पॉलिशही नीट सुकत नाही. मी पैसे द्यायला तयार असताना त्यांनी सहा महिने थांबायला लावलं. तेवढे दिवस मधल्या भागावर सतरंजी टाकून, घुंगरू न बांधता पढंत (बोल तोंडाने म्हणणं) आणि हस्तक (हातांच्या हालचाली) यांवरच भर दिला. जानेवारीत मीटर अकरावर आलं तेव्हा काम सुरू झालं.

घासायला पाच दिवस लागले. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार मशीन चालवायला बंदी आहे, त्यामुळे जरा लांबलं. ढोलाचं मोठं मशीन त्यांनी आणलंच नाही, ते पातळ थरात खड्डे पाडतं म्हणाले. धूळ ओढणारं गोल मशीन, आधी ऐंशी नंबरचा काचपेपर, मग आणखी बारीक शंभर, मग एकशेवीस. दोन फळ्यांच्या मधे जी बारीक खाच असते, तिथं मशीन पोचत नाही आणि जुनं पॉलिश काळपट रेघेसारखं राहून जातं. तिथं एक पोरगा पत्र्याची खरवणी घेऊन बसला. अठरा फुटांची एक खाच साफ करायला त्याला वीस मिनिटं लागत होती. मी चहा घेऊन गेले तर मान वर करायलाही तयार नाही.

खिडकीजवळचे काळे डाग घासून जाईनात. ओकमध्ये टॅनिन असतं, त्याला पाणी आणि लोखंड मिळालं की निळसर काळं होतं. पूर्वीची लोखंडी शाई याच गुणाने काळी व्हायची. आमच्याकडे खिडकीखाली लोखंडी कुंडीस्टँड वर्षानुवर्षं उभा होता. मिस्त्रींनी ऑक्झॅलिक ॲसिडची भुकटी कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावली, हातात मोजे, तोंडाला मास्क, आणि मला हॉलबाहेर काढलं. तासाभराने आत गेले तर डाग चहाच्या रंगाचा झाला होता. दुसऱ्यांदा लावल्यावर जवळजवळ दिसेनासा झाला. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून एक दिवस सुकू दिलं.

पॉलिश निवडताना माझी खरी काळजी वेगळी होती. फार चकचकीत केलं तर मुली घसरणार, फार खरखरीत राहिलं तर चक्कर घेताना टाच अडकणार आणि गुडघा पिळवटणार. हे मी समजावल्यावर त्यांनी तीन बाय तीनच्या दोन प्लायवर पाण्यातल्या पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, दोन नमुने मारून आणले, एक सॅटिन (किंचित चमक असलेलं), एक मॅट (बिनचमकीचं). मी दोन्हींवर अनवाणी, टाचेवर पाच-पाच चक्कर घेतले. मॅटवर पाय फिरतो आणि समेवर थांबतोही. तेच घेतलं. आधी सीलर म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा हात, मग पीयूचे दोन हात, मधे दोनशेवीसच्या पेपरने हलकं घासून. मेलामाइनचं विचारलं तर म्हणाले, ते फर्निचरसाठी; जमिनीवर पावलांच्या दणक्याने तडकतं आणि वासही डोळ्यांत जातो. या पीयूचा वास दुसऱ्या दिवशी राहिला नाही.

खर्च चौरस फुटाला १२० रुपये, म्हणजे ३०,२४०. शिवाय फळ्या बदलायचे ४,५००. कोटेशनमध्ये लिहिलं त्याच्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला नाही.

जे पटलं नाही तेही लिहिते. धूळ ओढणारं मशीन असलं तरी बारीक पूड उडतेच, आणि याची कल्पना त्यांनी आधी द्यायला हवी होती. माझा तानपुरा बंद कपाटात होता, तरी खुंट्यांवर पांढरी पूड बसली. भिंतीच्या कडेला हातमशीनच्या गोल खुणा राहिल्या होत्या. दिवसा दिसत नाहीत, संध्याकाळी तिरपं ऊन आलं की चंद्रकोरी उमटतात. फोटो पाठवल्यावर चौथ्या दिवशी दोघं आले, तेवढी पट्टी पुन्हा घासून पुन्हा पीयू मारून गेले. पैसे घेतले नाहीत, पण माझे आणखी दोन दिवस गेले. बदललेल्या तीन फळ्या अजून थोड्या फिकट दिसतात. माळ्यावर उजेड न लागलेलं लाकूड आहे, उन्हाने सावकाश सारखं होईल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

चोवीस तासांनी मोजे घालून चालायला परवानगी, तीन दिवसांनी कपाटं जागेवर, सतरंजी आणि घुंगरू दहा दिवसांनी. मावशींना आता बादलीभर पाणी आणि फिनेल बंद. घट्ट पिळलेलं फडकं, बस्स. दाराशी पायपुसणं टाकलंय, कारण खडीचा एक कण घुंगरांपेक्षा जास्त ओरखडतो.

अकराव्या दिवशी मोठ्या बॅचला बोलावलं. तीनतालात बराबरीचा तत्कार लावला आणि मी मुद्दाम खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. तिथला 'धा' इतरांसारखाच भरीव वाजत होता.

कडेची एक लाकडी पट्टी रंगाला जुळलेली नाही, ती बदलायला ते होळीनंतर येणार आहेत.